विमान येतं, विमान जातं

शंभर मीटरच्या शर्यतीत पळताना दम लागतो ना? असे सतरा पट्टे एकापुढे एक जोडा. झाली जळगावच्या विमानतळाची धावपट्टी! साधारण १७०० मीटर. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात विमानतळ नाही. धुळ्याला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसायचं विमान तिथे येत नाही. म्हणून खानदेशाची सारी भिस्त या जळगाववर.

ही धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने १९७३ मध्ये बांधली. पुढे नवी इमारत झाली आणि २३ मार्च २०१२ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी तिचं उद्घाटन केलं. सगळं चकचकीत! मात्र रोजच्या प्रवाशांचं विमान यायला डिसेंबर २०१७ उजाडला. एअर डेक्कन कंपनीचं एकोणीस आसनांचं छोटं विमान मुंबईहून आलं. एस.टी.च्या निम्म्या गाडीएवढीच माणसं त्यात मावायची. काही महिन्यांत तेही बंद पडलं. २०१९ मध्ये ट्रूजेट कंपनी आली, मधेच करोना आला, आणि २०२२ मध्ये त्या कंपनीची विमानंच थांबली. जळगाव पुन्हा गप्प.

मी वर्गात विचारलं, "का रे बंद पडलं असेल?" एकजण म्हणाला, "गुर्जी, रस्ता खराब झाला असेल!" तसं नाही. रस्ता ठणठणीत होता. गंमत अशी की विमानाला दोन्हीकडे जागा लागते. जळगावला जागाच जागा, पण मुंबईला? तिथल्या दोन धावपट्ट्या फुलीसारख्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिच्यावर तासाला चाळीसहून जास्त विमानं चढतात-उतरतात. अशा गर्दीत लहान विमानाला सोयीची वेळ कोण देणार? आडवेळी विमान सुटलं, की लोक म्हणतात, त्यापेक्षा रात्रीची रेल्वे बरी. झोपून जा, सकाळी मुंबईत उतरा! तिकीटही कितीतरी स्वस्त.

आणखी एक अडचण म्हणजे धावपट्टीची लांबी. १७०० मीटरवर पंख्यांची, सत्तरेक आसनांची ए.टी.आर. विमानं छान उतरतात. दीड-दोनशे माणसांच्या जेट विमानांना जास्त लांब धावपट्टी लागते. सुरतची धावपट्टी जवळजवळ २९०० मीटर आहे. तिथे मोठी विमानं येतात. आता नकाशा काढा. ताप्तीच्या रेल्वेमार्गावर आपलं नंदुरबार सुरत आणि जळगाव यांच्या जवळपास मधोमध आहे. मग आपला माणूस विमानासाठी कुठल्या गाडीत बसेल? मला तर वाटतं, सुरतच्याच!

तरीही २०२४ मध्ये जळगाव पुन्हा जागं झालं. फ्लाय नाइन्टीवन या नव्या कंपनीने गोवा, हैदराबाद आणि पुण्याला, तर अलायन्स एअरने मुंबईला विमान सुरू केलं. यामागे सरकारची 'उडान' योजना आहे. २०१६ मध्ये निघालेल्या या योजनेत कंपनीने काही आसनं ठरावीक स्वस्त दरात द्यायची आणि त्यात येणारी तूट सरकारने भरून काढायची. नव्या सायकलला मागून कुणी धरतं ना, तसंच हे. पण हा हात एका मार्गावर तीनच वर्षं असतो. तेवढ्यात प्रवाशांना सवय लागली तर बरं, नाहीतर सायकल आडवी!

एक आशेची गोष्ट सांगतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. मुंबईची गर्दी थोडी वाटली गेली, तर लहान गावांच्या विमानांना चांगली वेळ मिळू शकेल.

आता एक काम करा. विमानाने जायची खरोखर गरज पडेल अशी आपल्या तालुक्यातली माणसं कोण? तातडीचा रुग्ण, मिरचीचे व्यापारी, परीक्षेला जाणारी ताई... यादी लिहा. सत्तर आसनं भरतात का बघा बरं!