पोषणशिक्षण, सामुदायिक

गर्भवती व स्तनदा माता, लहान बालके आणि किशोरवयीन मुली यांच्या आहारविषयक सवयींत इष्ट बदल घडवून आणण्यासाठी वस्तीच्या पातळीवर केलेल्या योजनाबद्ध प्रयत्नांना सामुदायिक पोषणशिक्षण म्हणतात. केवळ माहिती देणे हा त्याचा उद्देश नसून, कुटुंबाला परवडणाऱ्या अन्नातून योग्य अन्न योग्य वेळी योग्य व्यक्तीच्या ताटात पडावे, हा आहे.

हे तीन गट एकत्र घेण्यास शरीरक्रियात्मक कारण आहे. रक्तक्षयाने पीडित व कमी वजनाची मुलगी माता झाल्यास अर्भक २.५ किग्रॅ.पेक्षा कमी वजनाचे जन्मण्याचा संभव वाढतो. ते अर्भक मुलगी असून तिचेही पोषण अपुरे राहिले, तर हेच चक्र पुढील पिढीत चालू राहते. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे १,००० दिवस या दृष्टीने निर्णायक होत. कारण या काळात खुंटलेली वाढ पुढे क्वचितच पूर्णपणे भरून निघते.

आशय : जन्मानंतर एका तासाच्या आत स्तनपान, पहिले पिवळसर दूध (चीक) टाकून न देणे, सहा महिने निव्वळ स्तनपान व त्यानंतर स्तनपानाच्या जोडीला पूरक आहार, ही मुख्य सूत्रे होत. बालकाचे जठर लहान असल्यामुळे वरणाच्या पाण्याने वा पातळ पेजेने पोट भरते, परंतु ऊर्जा अल्प मिळते. म्हणून मऊ पण घट्ट खिचडी किंवा नाचणीची खीर थोडे तेल वा तूप घालून दिवसातून अनेक वेळा भरवावी लागते. लोह व फॉलिक अम्ल यांची गोळी किशोरींना आठवड्यातून एकदा, तर गर्भवतींना दररोज देतात. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास लोहाचे शोषण वाढते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते घटते.

महाराष्ट्रातील प्रयोग : रजनीकांत व मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण दिले. डहाणू तालुक्यातील कासा येथे १९७४ मध्ये माता-बाल आरोग्य व पोषण प्रकल्प सुरू झाला. हे क्षेत्र त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. तेथे अर्धवेळ सामाजिक कार्यकर्त्या मुलांची वजने घेऊन जोखमीची बालके हेरत. वजनाच्या आलेखावरील रेषा मातेस दाखवली की उपदेशाचे रूपांतर संवादात होते. देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडीमार्फत पूरक आहार, लसीकरण व आहार-आरोग्यशिक्षण यांची सांगड घातली.

बदलती वस्ती : भिवंडीलगतच्या राहनाळ, पूर्णा, काल्हेर यांसारख्या गावांच्या परिसरात शेतजमिनींवर गोदामे उभी राहिली आहेत. गोदामे व यंत्रमाग यांतील कामासाठी परप्रांतातून आलेली कुटुंबे अशा भागांत भाड्याच्या खोल्यांत राहतात. ज्या घरी परसातला शेवगा नाही आणि बाळंतिणीची काळजी घेणारी वडीलधारी स्त्रीही नाही, तेथे ग्रामीण घर गृहीत धरून दिलेला सल्ला निरुपयोगी ठरतो. एका शेगडीवर व थोड्या वेळात होणारे पदार्थ करून दाखवणे, पाळी सुटण्याची वेळ पाहून बैठक घेणे, मातेच्या भाषेत बोलणे, पती व सासू यांना सहभागी करणे आणि पाकीटबंद खाऊऐवजी शेंगदाणे, फुटाणे व अंडी सुचवणे येथे आवश्यक ठरते. कुटुंब स्थलांतरित झाल्यास बालकाची नोंद नव्या अंगणवाडीत व्हावी लागते. अन्यथा त्याच्या वाढीवरील देखरेख खंडित होते.

मर्यादा : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुरट्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मधील ४६.३ टक्क्यांवरून २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्क्यांवर आले. परंतु २०१९-२१ मध्ये ते ३५.२ टक्के आढळले. याच दोन सर्वेक्षणांदरम्यान १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांमधील रक्तक्षय ४८.० टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर गेला. शिक्षणाने रिकामे ताट भरत नाही. धान्य, मजुरी, शुद्ध पाणी व मातेला विश्रांती यांची जोड नसल्यास ज्ञान असूनही आचरण अशक्य होते. उलट, ही साधने असूनही ज्ञान नसेल, तर घरातील स्त्री सर्वांच्या शेवटी व सर्वांत कमी जेवते. म्हणून पोषणशिक्षण हे अन्नपुरवठ्याला पर्याय नसून त्याचे आवश्यक अंग होय.