विहिरीच्या नावावर जमा

निवृत्तीनंतर प्रवराकाठच्या एका गावी गेलो होतो. जुना कर्जदार, आता मित्र. विहिरीवर हातपाय धुतले, ओंजळ तोंडाशी नेली, तोच त्याने हात धरला.

"सायेब, ते नका पिऊ. आम्ही आता जारचं पाणी आणतो."

पाणी नितळ होते. ना वास, ना चव. तपासणीत मात्र नायट्रेट निघाले होते लिटरला ९० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५. त्या विहिरीवरची मोटार आणि उसाचे खत, दोन्ही कर्जांवर माझी सही होती.

भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. ओझर बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्यांनी हा मुलूख भिजवला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि शेतकरी ताठ झाला. त्या उसाला नावे ठेवणे मला जमणार नाही.

चूक हिशेबात आहे. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. सगळे युरियातून द्यायचे तर ४५ किलोच्या १९ गोण्या, त्याही चार हप्त्यांत. प्रत्यक्षात दोन गोण्या जास्तच पडतात आणि पाळी आली की रात्रभर मोकाट पाणी. युरियाचे जमिनीत नायट्रेट होते. काळी माती पाणी धरते, नायट्रेट धरत नाही. ते मुळांखाली उतरते आणि विहीर गाठते. गोठ्याचा आणि शोषखड्ड्याचा निचरा त्यात भर घालतो. आम्ही बँकवाले हप्ता फिटला का, एवढेच विचारत होतो. खत उसाला पोहोचले की विहिरीला, हे मी एकदाही विचारले नाही.

मित्राच्या घरी जार आला. पण बांधापलीकडच्या कोपीतली ऊसतोड बाई त्याच विहिरीवर हंडा भरत होती, कडेवर तान्हे मूल. वरच्या दुधात हे पाणी गेले तर तान्ह्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, अंग निळे पडू शकते. उकळून उपयोग नाही. पाणी आटते, नायट्रेट मागे राहते.

त्या दुपारी आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. ९० मिलिग्रॅम नायट्रेटमध्ये नत्र सुमारे २० मिलिग्रॅम. हेक्टरभर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १० लाख लिटर, म्हणजेच २० किलो नत्र. अशा पाच पाळ्यांत १०० किलो! शिफारशीचा चौथा हिस्सा विहिरीच्या नावावर आधीच जमा होता, आणि हा गडी दुकानातून पुन्हा विकत आणत होता.

उपाय त्यातच आहे. माती-पाणी तपासून, कृषी विद्यापीठाच्या जाणकारांना विचारून विहिरीतले नत्र खतातून वजा करायचे. ठिबकमधून खत थोडेथोडे द्यायचे. मोकाट पाण्याआधी युरिया फेकायचा नाही. तरी विहीर एका हंगामात निवळणार नाही. जे वर्षानुवर्षे उतरले ते निघायलाही वर्षे लागतील. तोवर कोपीपर्यंत चांगले पाणी पोहोचवणे हे मळेवाल्याचे देणे आहे.

मित्र कागदाकडे बघत राहिला. मग पोराला हाक मारून म्हणाला, "उद्यापासून एक जार कोपीवर टाकायला सांग."

आमच्या हिशेबातली ती पहिली वसुली.