जूनचा धडा, नोव्हेंबरची उजळणी

पूर्वपरीक्षेच्या आधीचे तीन आठवडे कसे आखायचे, हा या वेळचा ठरलेला विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. डोंबिवली पश्चिमेहून एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे आणि त्यांचा प्रश्न पूर्वपरीक्षेच्याही आधीचा आहे. मुलगी दहावीत, राज्य मंडळाच्या शाळेत. बाई सकाळी लोकल पकडून मुंबईला जातात, घरी पोचायला साडेआठ वाजतात. त्या लिहितात, ‘दिवाळी झाली, आता खऱ्या अभ्यासाला लावायचं आहे. बोर्ड 20 फेब्रुवारीला सुरू होतंय. रोज किती तास बसवू? शेजारचा मुलगा सहा तास बसतो.’

अभ्यास कधी सुरू करायचा आणि किती तास करायचा, हे दोन प्रश्न घराघरांत वेगवेगळे विचारले जातात. माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. पहिल्याचं उत्तर बदललं की दुसऱ्याचं आपोआप बदलतं. याचा सर्वांत चांगला दाखला मला शाळेबाहेर सापडला, इंग्लंडच्या टपाल खात्यात.

1970च्या दशकात तिथे पिनकोडसारखे पोस्टकोड देशभर लागू झाले आणि पत्रांची छाननी यंत्रावर होऊ लागली. त्यासाठी टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवायचं होतं. अॅलन बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी त्यांचे चार गट केले. एक गट दिवसातून एकदा, एकच तास शिकायचा. दुसरा एकेक तास दोनदा, तिसरा सलग दोन तास आणि चौथा दोन-दोन तास दोनदा, म्हणजे दिवसाला चार तास. हे संशोधन 1978 मध्ये प्रसिद्ध झालं. चार तासवाल्यांना जे कसब कमवायला 80 तास लागले, ते एक तासवाल्यांनी 55 तासांत कमावलं. काही महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा हातात टिकलंही एक तासवाल्यांचंच जास्त.

मात्र दिवसांचा हिशेब उलटा आहे. 80 तास रोज चारप्रमाणे 20 दिवसांत संपतात. 55 तास रोज एकप्रमाणे 55 दिवस चालतात. म्हणूनच सर्वांत नाखूश होता तो एक तासवाला गट! सोबतचे लोक भराभर पुढे जात होते आणि आपण मागे पडतोय असं त्यांना रोज वाटत होतं. शेजारचा मुलगा सहा तास बसतो म्हटल्यावर पत्रातल्या बाईंच्या पोटात जो गोळा येतो, तो हाच.

तेव्हा उशिरा सुरू करणाऱ्याचं अगदीच काही होत नाही असं नाही. तोही पोचतो, पण तेवढ्याच ज्ञानासाठी जास्त तास मोजतो आणि परीक्षेनंतर त्यातलं कमी उरतं.

आता बाईंच्या मुलीचं गणित मांडू. आज नोव्हेंबरचा पहिला आठवडा. सोमवार ते शनिवार रोज दोन तास आणि रविवारी चार धरले, तर आठवड्याचे सोळा होतात. 20 फेब्रुवारीपर्यंत ही बेरीज अडीचशेच्या आसपास जाते. रोज सहा तासांनी तेवढेच तास भरायचे असतील, तर संक्रांतीच्या चार दिवस आधी सुरुवात केली तरी पुरते. कागदावर दोन्ही बेरजा सारख्या दिसतात. फरक असा की, पहिल्या मांडणीत जूनमध्ये शिकवलेल्या धड्याकडे चारदा परत यायला जागा आहे, मधे दिवस सोडून. दुसऱ्या मांडणीत नऊ पेपर एकमेकांवर चढतात आणि प्रत्येक धडा एकदाच, धापा टाकत होतो.

मधे दिवस सोडणं हा माझा आवडता विषय, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो. सोडलेले दिवस हाही अभ्यासाचाच भाग आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसाने 1885 मध्ये, निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून, आपण किती वेगाने विसरतो याचा आलेख काढला. त्यालाही दिसलं होतं की, पाठांतर एका दिवसात उरकण्यापेक्षा तीन दिवसांवर पसरलं तर कमी मेहनतीत होतं. पण मधे नेमके किती दिवस सोडायचे? यावर 2008 साली सेपेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेतेराशेहून अधिक लोकांवर मोठा प्रयोग केला. तिखट मेक्सिकन जेवण युरोपात सर्वांत जास्त कोणत्या देशात खातात, अशा धाटणीची माहिती लोकांना शिकवली. (उत्तर नॉर्वे.) मग काही दिवसांनी एकदा उजळणी आणि पुढे केव्हातरी परीक्षा. परीक्षा उजळणीनंतर 35 दिवसांनी असेल, तर पहिला अभ्यास आणि उजळणी यांत साधारण 11 दिवसांचं अंतर सर्वांत फायद्याचं ठरलं. परीक्षा 70 दिवसांनी असेल तर तीन आठवड्यांचं. आणि अंतर गरजेपेक्षा कमी ठेवण्याचं नुकसान ते जास्त ठेवण्याच्या नुकसानीपेक्षा मोठं निघालं. आज वाचलं आणि उद्या लगेच परत वाचलं, तर छान येतंय असं वाटतं. फेब्रुवारीत मात्र ते हाताशी नसतं.

आपल्याकडे उजळणी प्रयोगाविनाच चालत होती. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला, शुभंकरोति झालं की परवचा. पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, वार, महिने, नक्षत्रं. त्याला परीक्षेची तारीख नव्हती, त्यामुळे ‘कधी सुरू करू’ हा प्रश्नही कोणाला पडत नसे. ज्यांनी लहानपणी परवचा म्हटला, ते ऐंशीच्या घरातही ‘सतरा नव्वे’ विचारल्यावर एकशे त्रेपन्न सांगायला थांबत नाहीत. पाढे रोज म्हणण्याजोगे थोडे होते, त्यामुळे मधे किती दिवस सोडायचे हे मोजावं न लागता उजळणी वर्षानुवर्षं चालत राहायची. दहावीचा अख्खा अभ्यासक्रम रोज म्हणता येणार नाही. म्हणून तिथे तारखा लागतात.

त्या कशा ठेवाव्यात, हे मी एका मुलीच्या बीजगणिताच्या पुस्तकात पाहिलं आणि तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलो. ‘वर्गसमीकरणे’ या प्रकरणाच्या पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने एकाखाली एक तारखा होत्या. पहिली जुलैची, दुसरी त्यानंतर आठवड्याची, तिसरी ऑगस्टच्या शेवटाची, चौथी दिवाळीच्या सुट्टीतली. प्रत्येक तारखेसमोर दोन आकडे, सोडवलेली उदाहरणं आणि चुकलेली. सूत्र वापरून वर्गसमीकरण सोडवताना ऋण चिन्ह सुटण्याची चूक पहिल्या तीनही तारखांना होती, चौथ्या तारखेला नव्हती. त्या पानावरून नजर फिरवली की हा धडा किती जुना झाला आहे, ते कळायचं. अभ्यास किती झाला, हे मला तासांपेक्षा असल्या कोपऱ्यांवरून जास्त नेमकं समजतं.

बाईंनी या रविवारी मुलीला प्रत्येक पुस्तकात असं करायला सांगावं. आठवतील तेवढ्या तारखा घालायच्या. लगेच दिसेल की विज्ञान भाग 1 मधलं ‘गुरुत्वाकर्षण’ जूनमध्ये झालं, घटक चाचणीला पाहिलं, सहामाहीला पाहिलं की नाही ते आठवत नाही. शेवटची प्रकरणं शाळेत अजून व्हायची आहेत, ती फेब्रुवारीत ताजीच असतील. काळजी जुन्यांची करायची. डिसेंबरात शाळा आणि क्लास दोघेही पोर्शन संपवण्याच्या घाईत असतात, त्यात जूनच्या धड्याला कोणी वाली नसतो. म्हणून रोजच्या दोन तासांतला अर्धा तास फक्त जुन्याचा. एका दिवशी एकच प्रकरण, पुस्तक मिटून. केप्लरचे तीन नियम लिहून काढायचे, वस्तुमान आणि वजन यांतला फरक लिहायचा, मुक्तिवेगाचं सूत्र मांडून 11.2 किलोमीटर दर सेकंद हे उत्तर स्वतः आणायचं. मग पुस्तक उघडून तपासायचं आणि कोपऱ्यात तारीख टाकायची. पुस्तक मिटायचं का, यावर गेल्या वेळी पुरतं बोललो आहे.

क्लासचे तास या दोन तासांत धरू नयेत, हा माझा आग्रह आहे. डोंबिवलीच्या फडके रोडवर संध्याकाळी पाठीला दप्तर लावून एका क्लासमधून दुसऱ्याकडे निघालेली मुलं पाहिली की मला त्यांच्या वेळेची फार काळजी वाटते. क्लासमध्ये फळ्यावर उदाहरण सुटतं ते सरांच्या हातून. मुलीच्या हातून ते सुटतं की नाही, हे ती एकटी बसेल तेव्हाच कळणार. शाळा आणि क्लास मिळून दिवसाला दोन तासही उरत नसतील, तर एखाद्या विषयाचा क्लास सोडावा. नोव्हेंबरात हे सांगणं धाडसाचं वाटेल, तरी सांगतो.

बाईंना स्वतःला साडेआठनंतर काय करता येईल, हेही पत्रात आहे. ‘मला आता बीजगणित येत नाही,’ असं त्या लिहितात. यायला नको. जेवताना पुस्तक आईच्या हातात, एका जुन्या प्रकरणाचा स्वाध्याय उघडलेला, पाच प्रश्न विचारायचे. मुलगी अडखळली तर उत्तर सांगायचं नाही, तो प्रश्न पेन्सिलने खुणावून ठेवायचा आणि दहा दिवसांनी पुन्हा विचारायचा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि दिवसभर एकमेकींना न भेटलेल्या मायलेकींना ते जमतं.

शेजारच्या मुलाच्या सहा तासांबद्दल एवढंच, की तो सहा तासांत काय करतो हे आपल्याला माहीत नाही. जुने धडे मिटल्या पुस्तकाने सोडवत असेल तर त्याचं चांगलंच होणार. जानेवारीत शाळा कमी झाल्यावर या मुलीचेही तास चार-पाचावर जातील, जायला हवेत. तेव्हा ती जूनचे धडे पाचव्यांदा पाहत असेल.

बाईंचा धाकटा सहावीत आहे, त्याचंही त्यांनी विचारलं आहे. त्याला आत्ता परीक्षेसाठी म्हणून काही सुरू करायला नको. शाळेचा गृहपाठ झाला की रोज वीस मिनिटं, त्यात आठवड्यापूर्वी आणि महिन्यापूर्वी काय शिकवलं ते तोंडी सांगायचं, दोन जुनी गणितं. वार्षिक परीक्षेची वेगळी तयारी तीन आठवडे आधी पुरते, पाढे मात्र रोज. तीसपर्यंत.

पूर्वपरीक्षेचे तीन आठवडे पुढच्या अंकात. तोवर ज्यांच्या घरी दहावी आहे त्यांनी कोपऱ्यातल्या तारखा घालून ठेवाव्यात, त्यांच्यावरूनच ते वेळापत्रक आखायचं आहे.