एमआय-१७ : ऐकीव आणि खरं

८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ हवाई दलाचं एमआय-१७ व्ही-५ कोसळलं. संरक्षण दलप्रमुख जनरल बिपीन रावत, त्यांच्या पत्नी आणि आणखी बाराजण त्यात गेले. त्या संध्याकाळपासून तीन गोष्टी लोकांच्या तोंडी बसल्या : हे रशियाचं जुनाट यंत्र आहे, त्याचं इंजिन बंद पडलं असणार, नाहीतर हा घातपातच.

जानेवारी २०२२ मध्ये चौकशी समितीने तांत्रिक बिघाड, घातपात आणि निष्काळजीपणा या तिन्ही शक्यता फेटाळल्या. दरीतलं हवामान अचानक पालटलं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि वैमानिकाचं दिशाभान हरपलं, असा तिचा निष्कर्ष होता. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात याच अपघाताचं कारण ‘मानवी चूक’ असं नोंदवलं गेलं. ढगात क्षितिज दिसेनासं झालं की कानातला तोल सांभाळणारा भाग चकवू लागतो. यंत्र वळत असतं आणि वैमानिकाला ते सरळ चाललंय असं वाटतं. डोंगराळ भागात एवढी चूक जिवावर बेतायला काही सेकंद पुरतात. यंत्र ठणठणीत असतं, वैमानिकाच्या ताब्यात असतं आणि तरी ते डोंगरावर आदळतं. ‘मानवी चूक’ हे दोन शब्द वाचून गेलेल्या वैमानिकाला बेजबाबदार ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. निष्काळजीपणा नव्हता, असं चौकशी समितीनेच म्हटलं आहे.

आता ‘जुनाट’बद्दल. मूळ आराखडा, म्हणजे एमआय-८चा, जुना आहे, यात वाद नाही. हेलिकॉप्टर अभियंते मिखाईल मिल यांच्या संस्थेच्या एमआय-८ने १९६१ मध्ये पहिलं उड्डाण केलं, तेही एकाच इंजिनावर. दोन इंजिनांचं रूप पुढच्या वर्षी आलं. तेव्हापासून या कुळातली १२ हजारांहून जास्त हेलिकॉप्टरं बनली. पण भारताने २००८ च्या करारापासून घेतलेल्या व्ही-५मध्ये इंजिनं नवी, कॉकपिटमध्ये घड्याळांऐवजी पडदे आणि मागे सामान चढवायला उतरता दरवाजा आहे. आपली खरोखर जुनी एमआय-८ हेलिकॉप्टरं डिसेंबर २०१७ मध्ये बंगळुरूजवळच्या येलहंका तळावर समारंभपूर्वक निवृत्त झाली. आणखी एक गोष्ट बोलकी आहे. अफगाण सैन्यासाठी हेलिकॉप्टरं हवी होती तेव्हा २०११ मध्ये अमेरिकेने रशियाकडूनच एमआय-१७ व्ही-५ विकत घेतली. अफगाण वैमानिकांच्या हाताला ती सरावाची होती आणि तिथल्या उन्हात, उंचीवर टिकणारी होती.

नावांचा गोंधळ मात्र समजण्यासारखा आहे. एमआय-१७ म्हणजे एमआय-८चाच जास्त ताकदीच्या इंजिनांचा अवतार. रशियन सैन्य त्याला एमआय-८एमटी म्हणतं, निर्यातीसाठी नाव एमआय-१७. प्रवासी वाहतुकीसाठी एमआय-१७१ आणि एमआय-१७२ आहेत. मुंबईच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राकडे कर्मचाऱ्यांना नेताना ऑगस्ट २००३ मध्ये कोसळलं, ते एमआय-१७२ होतं. पाणबुड्या शोधणारं, होडीसारख्या तळाचं एमआय-१४ही याच कुळातलं.

ओळखायचं कसं? शेपटीचा पंखा पाहा. सुरुवातीच्या एमआय-८मध्ये तो उजवीकडे असतो, एमआय-१७मध्ये डावीकडे. गोल खिडक्या बहुधा सैनिकी किंवा मालवाहू रूपाच्या, मोठ्या चौकोनी खिडक्या प्रवासी रूपाच्या. पोटाच्या दोन्ही बाजूंना बांधलेली लांबट पिंपं पाहून कुणी बॉम्ब म्हणतं, कुणी क्षेपणास्त्रं. त्या इंधनाच्या टाक्या आहेत. उजव्या टाकीच्या पुढच्या जागेत केबिन गरम ठेवणारा हीटर बसवलेला असतो. सायबेरियातल्या थंडीची ही सोय आपल्याकडे लडाखमध्ये कामी येते.

इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं खाली येतं, हा समज सर्वांत पक्का आहे. एमआय-१७ला दोन इंजिनं असतात आणि एक थांबलं तर दुसरं आपोआप ताकद वाढवतं. दोन्ही थांबली तरी मोठा पंखा इंजिनापासून सुटा होऊन फिरत राहू शकतो. वैमानिक पात्यांचा कोन लगेच कमी करतो, खालून येणारी हवा पाती फिरवत ठेवते, आणि माधवीलतेचं पंखांचं बी गिरक्या घेत उतरतं तसं यंत्र उतरू लागतं. जमिनीजवळ आल्यावर पात्यांचा कोन पुन्हा वाढवून, फिरत्या पंख्यात साठलेल्या जोरावर ते टेकवायचं. यासाठी हाताशी उंची तरी हवी किंवा वेग तरी. म्हणून खरा धोका असतो तो कमी उंचीवर एका जागी तरंगताना. पुरात घराच्या गच्चीवरून माणसं दोराने वर ओढतात तेव्हा हेलिकॉप्टर नेमकं तिथेच असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या जू गावातल्या लोकांना एमआय-१७ने असंच पुरातून काढलं होतं.

पूर आला की एक तक्रारही हमखास ऐकू येते : छत्तीस माणसांचं हेलिकॉप्टर, मग एवढ्या थोड्या लोकांना घेऊन का गेलं? छत्तीस जवान किंवा चार टन माल ही कमाल क्षमता आहे. रिकामं यंत्र सुमारे साडेसात टनांचं, उड्डाणाचं कमाल वजन तेरा टन. उरलेल्या साडेपाच टनांत इंधन, दोन वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर आणि बचावाचं साहित्य बसवायचं, मग माणसं. त्यात उंची वाढली की हवा विरळ होते. पंख्याला कमी उचल मिळते आणि इंजिनालाही कमी हवा. उन्हाने तापलेली हवाही तशीच विरळ. कोकणात समुद्रसपाटीला जे वजन सहज उचललं जातं, ते साडेतीन हजार मीटरवरच्या केदारनाथला उचलता येत नाही. तिथे चार माणसं कमी घेणारा वैमानिक बाकीच्यांचा जीव राखत असतो.

‘हे तर फक्त वाहतुकीचं, त्याला शस्त्रं कुठली?’ हेही अर्धंच खरं. एमआय-१७वर रॉकेटं लावता येतात आणि कारगिलमध्ये ती वापरलीही गेली. २८ मे १९९९ रोजी द्रासजवळच्या तोलोलिंगवर हल्ला करताना एक एमआय-१७ खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडलं आणि चौघे शहीद झाले. क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर त्या हेलिकॉप्टरवर नव्हते. त्यानंतर एमआय-१७ अशा हल्ल्यांतून मागे घेतली गेली. शस्त्र लावल्याने मालवाहू हेलिकॉप्टर लढाऊ होत नाही, हे चार जीव गेल्यावर मान्य झालं.

चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या स्फोटावरची मालिका पाहिलेले अनेकजण सांगतात की तिथलं हेलिकॉप्टर किरणोत्सर्गामुळे पडलं. ते एमआय-८ होतं आणि २ ऑक्टोबर १९८६ रोजी, म्हणजे स्फोटानंतर पाच महिन्यांनी, क्रेनच्या तारेला पातं लागून कोसळलं. त्यातले चौघेही गेले. स्फोटानंतरच्या पहिल्या दिवसांत उघड्या अणुभट्टीवर वाळू, शिसं आणि बोरॉन टाकणारी एमआय-८ मात्र फेरीमागून फेरी उडत राहिली होती. किरणोत्सर्गाचा मार बसला तो आत बसलेल्या माणसांना.

शेवटचा समज दोराला टांगलेल्या ओझ्याचा : वजन मर्यादेत असलं की झालं. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी केदारनाथला बिघडून पडलेलं एक छोटं खासगी हेलिकॉप्टर एमआय-१७ने दोराने उचललं. वाटेत वाऱ्याने आणि वजनाने ते ओझं हेलकावू लागलं, एमआय-१७चाच तोल जाऊ लागला, आणि वैमानिकाने ते लिंचोलीजवळ सोडून दिलं. व्हिडिओ पाहून लोकांनी फजिती म्हटलं. टांगलेलं ओझं डोलायला लागलं की ते वरच्या यंत्रालाही आपल्यासोबत ओढतं, म्हणून ते तत्काळ सोडून देण्याची सोय हेलिकॉप्टरमध्ये मुद्दाम ठेवलेली असते. खाली माणसं नाहीत हे पाहून ते सोडलं गेलं, त्यामुळे कुणाला इजा झाली नाही. वैमानिकाने जे करायला हवं होतं, तेच केलं.