‘लेप्टो’च्या पुढचं नाव

जामसंड्यात भातलावणीच्या दिवसांत कुणाला सणकून ताप भरला, की घरात पहिली शंका येते ती ‘लेप्टो’ची. पूर्ण नाव लेप्टोस्पायरोसिस. ते घेताना जीभ ‘स’पाशी अडखळते. ‘लेप्टोस’ म्हणून दम घेतला, की पुढे ‘पायरोसिस’ उरतं. आणि पायरोसिस म्हणजे वैद्यकात छातीतली जळजळ! ग्रीक भाषेत ‘प्युर’ म्हणजे आग. एक ‘स’ अलीकडे ओढला गेला, की दुखणंच बदलतं.

शब्दाचा खरा सांधा ‘लेप्टो’नंतर आहे. लेप-टो-स्पाय-रो-सिस, जोर ‘रो’वर. लिहिताना अक्षरं सात, पण बोलताना ‘य’ आणि शेवटचा ‘स’ आधीच्या अक्षरांना चिकटतात, म्हणून तुकडे पाचच.

ग्रीकमध्ये ‘लेप्टोस’ म्हणजे बारीक. मात्र या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ आहे सोललेला, तूस काढलेला. होमरच्या ‘इलियड’मध्ये तो मळणीतल्या जवाच्या दाण्यांसाठी आला आहे. भाताच्या चिखलातून येणाऱ्या रोगाच्या नावात कांडलेल्या दाण्याची आठवण दडलेली असावी, हे मला फार विलक्षण वाटतं. ‘स्पैरा’ म्हणजे वेटोळं. ‘ओसिस’ म्हणजे अवस्था, वैद्यकात बहुधा रोगाची. थ्रॉम्बोसिस, सिरोसिसच्या शेपटाला तेच आहे.

हे नाव जंतूच्या रूपावरून पडलं. त्याची जाडी मिलिमीटरचा सुमारे दहा हजारावा भाग, अंगाला मळसूत्रासारखे पीळ. जर्मन डॉक्टर अॅडॉल्फ वाइल यांनी 1886 मध्ये कावीळ आणि मूत्रपिंडाच्या बिघाडासह येणाऱ्या या तापाचं वर्णन केलं, तेव्हा जंतू कुणाला ठाऊकच नव्हता. 1907 मध्ये स्टिम्सन यांना तो एका रुग्णाच्या मूत्रपिंडात दिसला. टोकं आकड्यासारखी वळलेली, म्हणून प्रश्नचिन्हावरून त्यांनी त्याला ‘इंटरोगन्स’ म्हटलं. हा शब्द मात्र लॅटिन.

उंदराच्या, गुराच्या मुतातून जंतू पाण्यात उतरतो आणि चिखलणी करणाऱ्याच्या पायाच्या भेगांतून अंगात शिरतो. ताप साधारण पाच ते चौदा दिवसांनी येतो. तोवर लावणी संपलेली असते, चिखल विसरलेला असतो. म्हणून दवाखान्यात आजाराचं नाव नीट घेता आलं नाही तरी चालेल, पण ‘पंधरा दिवसांमागे शेतात उतरलो होतो, पायाला भेगा होत्या’ एवढं डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगावं.