कूलर गारवा देतो, शुद्ध हवा नाही
चंद्रपूर-गडचिरोलीच्या घरांसाठी कोणते यंत्र, कोणत्या ऋतूत?

मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की नवतपा सुरू होतो आणि राज्यातील सर्वाधिक तापमानाच्या यादीत चंद्रपूर व ब्रह्मपुरीची नावे झळकू लागतात. जून २००७ मध्ये चंद्रपूरचा पारा ४९ अंश सेल्सिअसच्या घरात पोहोचला होता. उन्हाच्या जोडीला येथे धूळ आणि धूर हे दुसरे संकट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक परिसरांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा ८३.८८ गुणांसह चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. ऊर्जानगरचे महाऔष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि कोळशाची वाहतूक ही त्यामागची ठळक कारणे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातील शहरांतही चंद्रपूरचा समावेश आहे.

साहजिकच ‘थंड आणि शुद्ध हवा’ अशी दुहेरी हमी देणाऱ्या यंत्राकडे ग्राहक आकर्षित होतो. परंतु हवा गार करणे आणि हवा स्वच्छ करणे ही दोन निराळी कामे आहेत. पंखा, कूलर आणि एअर प्युरिफायर यांपैकी प्रत्येक यंत्र एकच काम नीट करते. हे लक्षात न घेतल्यास पैसे खर्च होतात आणि त्रास मात्र तसाच राहतो.

पंखा : वारा आहे, गारवा नाही

पंखा खोलीचे तापमान कमी करत नाही. तो केवळ हवा हलवतो. त्यामुळे अंगावरचा घाम लवकर वाळतो आणि शरीर थंडावते. मात्र आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. खोलीतील हवा त्याहून बरीच तापली की पंखा तीच गरम हवा अंगावर टाकू लागतो. म्हणूनच खोलीचे तापमान ४० अंशांच्या वर गेल्यास पंख्यावर विसंबू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. अशा वेळी ओला पंचा अंगावर घेऊन, वारंवार पाणी पीत पंख्याखाली बसणे अधिक हिताचे. एरवी पंख्याइतके स्वस्त साधन नाही. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, तर नव्या बीएलडीसी मोटरच्या पंख्याला त्याच्या निम्म्याहून कमी वीज लागते.

कूलर : कोरड्या हवेचा सोबती

वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांवरून पाणी झिरपते आणि बाहेरची कोरडी हवा त्यातून आत ओढली जाते. पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता शोषून घेते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. हवा जितकी कोरडी, तितका गारवा अधिक. बाहेर ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर २८ ते ३० अंशांची हवा देऊ शकतो. जुलैमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की हाच कूलर जेमतेम दोन-तीन अंशांचा फरक पाडतो आणि खोलीत दमटपणा वाढवतो. विदर्भात कूलर यशस्वी ठरला आणि मुंबईत ठरला नाही, याचे कारण हेच.

कूलरमध्ये येणारी हवा ओल्या ताट्यांतून येते, म्हणून ती शुद्ध असते, असा समज आहे. तो अर्धवट खरा आहे. ताट्या जाड धूळ अडवतात. फुफ्फुसांत खोलवर शिरणारे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाएवढे किंवा त्याहून सूक्ष्म, त्यांतून बहुतांशी निसटून जातात.

प्युरिफायर : बंद खोलीचे यंत्र

हे सूक्ष्म कण पकडण्याचे काम प्युरिफायरमधील ‘हेपा’ गाळणी करते. ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवण्याची क्षमता खऱ्या हेपा गाळणीत असते. वायूंसाठी मात्र सक्रिय कोळशाचा वेगळा थर लागतो आणि त्याची क्षमताही मर्यादित असते. खरेदी करताना यंत्र ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा देते, हा आकडा पाहावा. दहा फूट बाय बारा फूट आणि दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळायची, तर किमान १७० घनमीटर क्षमता हवी. ओझोन सोडणारी यंत्रे टाळावीत, कारण ओझोन श्वसनमार्गाला अपायकारक आहे.

आता मूळ अडचण पाहू. कूलरला खिडकी उघडी लागते, प्युरिफायरला बंद. ताशी दोन हजार घनमीटर हवा फेकणारा कूलर वरील खोलीतील सगळी हवा मिनिटभरात बदलतो. ताशी दोनशे घनमीटर हवा गाळणारा प्युरिफायर त्यापुढे हतबल ठरतो. म्हणजे ही दोन्ही यंत्रे एकाच खोलीत एकाच वेळी चालवणे हा विजेचा अपव्यय आहे. वातानुकूलन यंत्र खोलीतीलच हवा फिरवत असल्याने त्याच्यासोबत प्युरिफायर चालू शकतो. मात्र दीड टनाच्या यंत्राचे बिल प्रत्येक घराला परवडणारे नाही.

निसर्गाने वेळापत्रक सोपे केले आहे

सुदैवाने उन्हाचा कहर आणि धुराचा कहर यांचे महिने बहुतांशी वेगळे आहेत. उन्हाळ्यात तापलेली हवा वर चढते आणि प्रदूषण विरळ होते. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खालीच साचते. धूरही तिच्यासोबत अडकतो. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा प्युरिफायरचा खरा काळ. तेव्हा खिडक्या बंदच असतात. दुपारी धुके-धूर विरल्यावर थोडा वेळ खिडक्या उघडून घर हवेशीर करावे. मार्च ते जूनच्या पावसापर्यंत कूलर आणि पावसाळ्यात पंखा, असा क्रम ठेवल्यास खर्चही आटोक्यात राहतो. घरात दमेकरी, तान्हे मूल किंवा वृद्ध नसतील आणि पैसे एकाच यंत्रापुरते असतील, तर या भागात आधी कूलर घ्यावा. उष्माघात काही तासांत जीव घेऊ शकतो.

कोळसापट्ट्यातील घरांना एक इशारा आवश्यक आहे. थंडीत बंद खोलीत दगडी कोळशाची शेगडी पेटवून झोपणे प्राणघातक ठरू शकते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि प्युरिफायर तो वायू काढून टाकू शकत नाही.

गडचिरोलीचे गणित वेगळे

गडचिरोली जिल्ह्याचा बहुतांश भाग जंगलाने व्यापलेला आहे. येथे अनेक घरांत धुराचा उगम कारखान्यात नसून चुलीत आहे. सरपणाचा धूर घरातच निर्माण होत असताना प्युरिफायरचा उपयोग नगण्य. धुराडे, चुलीसमोर उघडी खिडकी, स्वयंपाकाची वेगळी पडवी आणि शक्य तेथे गॅस, हेच खरे उपाय. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसजोडणी दिली, पण सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च आला की सरपण स्वस्त वाटते. उन्हाळ्यात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो आणि अनेकदा त्यातून वणवा लागतो. एकट्या घराने यंत्र घेऊन हा धूर थांबत नाही. त्यासाठी पाचोळा न पेटवता झाडून घेण्याची सवय गावाने लावावी लागते.

ही काळजी घ्या

कूलरचा लोखंडी सांगाडा, पाणी आणि वीज हे एकत्र आले की धोका असतोच. अर्थिंग तपासून घ्यावे, ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे सुरक्षा उपकरण बसवावे आणि पाणी भरताना प्लग काढूनच ठेवावा. ओल्या हाताने किंवा अनवाणी कूलरला स्पर्श करू नये. टाकीतील साचलेल्या पाण्यात डेंगीचे डास वाढतात. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी करून, घासून कोरडी करावी. प्युरिफायरची गाळणी वेळेवर न बदलल्यास यंत्र केवळ आवाज करत राहते.

घरातील यंत्रे चार भिंतींपुरता दिलासा देतात. मजूर, रिक्षाचालक, तेंदूपत्ता तोडणारे आणि शाळेत जाणारी मुले यांचा दिवस त्या भिंतींबाहेर जातो. त्यांच्या वाट्याची हवा सुधारायची, तर धुराची कोंडी चिमणीपाशी, खाणीपाशी आणि रस्त्यावरच करावी लागेल.