चिप बोटं वाचवते, फुप्फुस नाही

अमरावतीच्या एका वस्तीत रविवारी वंदना आटोपली की आम्ही बायका-पोरांसोबत आरोग्याचं बोलायला बसतो. बीपी, साखर, पाळी, खर्रा हे नेहमीचे विषय. अशाच एका रविवारी एक माय पदरात गुंडाळून एक वस्तू घेऊन आली. "ताई, हे पोट्ट्याच्या बॅगीत भेटलं. चार्जर व्हय का काय व्हय, पाहा बरं."

ते व्हेप होतं, म्हणजे ई-सिगारेट. मुलगा पुण्याला शिकतो, सुटीत घरी आला होता. त्याला बोलावलं तर तो घाबरला नाही. म्हणाला, "ताई, हे रेग्युलेटेड हाय. याच्यात चिप असते. फुटते ते मेकॅनिकलवालं."

त्याचं अर्धं म्हणणं खरं होतं. उरलेल्या अर्ध्यात घोळ आहे, आणि तो घोळ अमरावती-अकोल्याच्या बऱ्याच तरुणांच्या डोक्यात आहे असं आम्हाला दिसतं. म्हणून दोन्ही प्रकार समजून घेऊ.

आत असतं काय?

कोणत्याही व्हेपमध्ये मुख्य गोष्टी चारच. बॅटरीचा सेल, तारेची बारीक गुंडाळी म्हणजे कॉइल, कॉइलला लागून कापूस, आणि कापसात मुरलेलं द्रव. सेलमधली वीज कॉइलमधून गेली की कॉइल तापते, द्रवाची वाफ होते आणि ती आपण आत ओढतो. द्रवात प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंध आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. तंबाखूतलं सवय लावणारं द्रव्य तेच.

मेकॅनिकल: नळी, सेल आणि बटण

मेकॅनिकल म्हणजे धातूची नळी. आत सेल, खाली बटण, वर कॉइल. मध्ये सर्किट नाही. बटण दाबलं की सेल थेट कॉइलला जोडला जातो. किती वीज जायची, हे ठरवणारं आत कोणी नाही.

नववी-दहावीत शिकलेला ओहमचा नियम आठवा. विभवांतराला रोधाने भागलं की विद्युतधारा मिळते. पूर्ण चार्ज झालेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट देतो. कॉइलचा रोध ०.२ ओहम असेल तर २१ अँपिअर धारा जाते. तोच रोध ०.१ ओहम केला तर ४२ अँपिअर. घरात गिझर किंवा एसीला आपण जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग लावतो. इथे बोटाएवढ्या सेलमधून त्याच्या अडीच पट धारा काढली जाते. व्होल्ट कमी असल्याने शॉक बसत नाही, पण उष्णता प्रचंड होते.

या कामात '१८६५०' हा सेल जास्त वापरतात. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून हा आकडा. त्यातले चांगले सेल २० ते ३० अँपिअर सहन करतात. साध्या सेलला १० अँपिअरही जड जातात. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल या कामाचे नसतात, आणि नकली सेलच्या वेष्टनावर वाट्टेल तो आकडा छापलेला असतो. ताकदीपलीकडे धारा ओढली की सेल आतून तापतो, त्या उष्णतेने आणखी तापतो, आणि शेवटी पेट घेतो किंवा फुटतो. नळी धातूची आणि तोंडाजवळ धरलेली. अमेरिकेत २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ साली टेक्सासमध्ये व्हेप फुटून एकेकाचा जीव गेला. दोन्ही वेळा हातात मेकॅनिकल प्रकारच होता.

रेग्युलेटेड: मध्ये बसलेली चिप

रेग्युलेटेड व्हेपमध्ये सेल आणि कॉइल यांच्यामध्ये एक छोटं सर्किट असतं. चांगल्या उपकरणात ते एवढी कामं करतं:

• कॉइलचा रोध मोजतं. तो फार कमी असेल किंवा शॉर्ट झाला असेल तर वीज सोडत नाही.
• किती वॅट द्यायचे ते ठरवतं. सेल उतरत आला तरी वाफ सारखी ठेवतं.
• बटण दाबलेलंच राहिलं तर साधारण १० सेकंदांनी वीज तोडतं.
• सेल फार उतरला किंवा आतली पाटी जास्त तापली तर बंद पडतं.

म्हणजे घरातल्या एमसीबीसारखं. फुटण्याच्या बाबतीत मेकॅनिकलपेक्षा हा प्रकार नक्कीच कमी धोक्याचा आहे. मुलाचं खरं होतं ते एवढंच. पण धोका संपत नाही. स्वस्त मालात हे सर्किट नावापुरतं असतं, आणि सुटा सेल खिशात किल्ल्या-नाण्यांसोबत ठेवला तर त्याला कोणती चिप वाचवणार? हल्ली पोरांच्या हातात दिसणारे, वापरून फेकायचे रंगीत व्हेप याच जातीचे. आत छोटा सेल आणि छोटं सर्किट. मेच्या महिन्यात आपल्या अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा गाडीच्या डिक्कीत लिथियम बॅटरी ठेवणं म्हणजे तिला आणखी तापवणं.

चिपला काय दिसत नाही?

चिपला व्होल्ट दिसतात, रोध दिसतो. बाटलीत काय भरलंय ते तिला दिसत नाही.

एक मिलिलिटर द्रवात ५० मिलिग्रॅम निकोटिन असलं, तर १० मिलिलिटरच्या बाटलीत ते ५०० मिलिग्रॅम होतं. घरातल्या लहान लेकराने गोड वासाला भुलून ते प्यायलं तर उलट्या, झटके आणि जिवावरचा प्रसंग. ओढणाऱ्याला सवय लागते. त्यात धूर नाही, राख नाही, कपड्यांना वास नाही, म्हणून दिवसभर हात तिकडेच जातो. कापूस कोरडा पडला आणि कॉइल तापतच राहिली, तर ग्लिसरीनसारखी द्रव्यं मोडून फॉर्माल्डिहाइड आणि अॅक्रोलिन तयार होतात. दोन्ही फुप्फुसाला घातक.

२०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या इजेची मोठी साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्य कारण निघालं ते गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट. त्यात बरंच काही चोरट्या बाजारातून आलेलं होतं. बॅटरी ठीक होती, पण बाटलीत भेसळ होती.

'रेग्युलेटेड' या शब्दाची गल्लत

'रेग्युलेटेड' ऐकलं की सरकारने तपासून मान्य केलेलं, असं वाटतं. इथे त्याचा अर्थ एवढाच की आतली वीज नियंत्रित आहे. ब्रिटनमध्ये व्हेपला परवानगी आहे, पण मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन आणि १० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. सिगारेट सुटत नसलेल्या प्रौढांना तिथे सिगारेटऐवजी व्हेप सुचवतात. आपल्याकडे असा तपासलेला माल मिळूच शकत नाही, कारण २०१९ च्या कायद्याने देशभर ई-सिगारेटवर पूर्ण बंदी आहे. जे येतं ते चोरून येतं.

हा कायदा आपल्या पोरांनी नीट समजून घ्यावा. स्वतः ओढण्यासाठी त्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. पण बनवणं, आणणं, विकणं, वाटणं, जाहिरात करणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. माल साठवायला जागा दिली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "मित्राले पुण्याहून दोन आणून देल्ले" हेही यात येऊ शकतं. घरातलं पहिलंच पोरगं कॉलेजात पोहोचलेलं असतं, मायबाप त्याच्या सरकारी नोकरीकडे डोळे लावून असतात. चारित्र्य पडताळणीच्या वेळी असा गुन्हा आडवा आला तर नुकसान कोणाचं?

बॅटरीने भाजलं तर

पेटते किंवा भिजलेले कपडे ताबडतोब काढा. अंगावर सेलचे तुकडे, पावडर असेल तर कोरड्या कापडाने झटका. मग वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. फोड फोडू नका. १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात "लिथियम बॅटरीने भाजलं" हे आवर्जून सांगा. लाजून "स्टोव्हने भाजलं" सांगितलं तर रसायनाच्या इजेकडे दुर्लक्ष होतं.

मग करायचं काय?

२०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे प्रौढ ३.८ टक्के, तर खाणारे २४.४ टक्के होते. आपली जुनी लढाई खर्रा-गुटख्याशी आहे. सिगारेट कधी न ओढलेल्या आपल्या मुलाला व्हेप काही सोडवत नाही, नवीन सवय लावतं.

पंचशीलातलं पाचवं शील आपण दर वंदनेला घेतो. त्याचा गाभा प्रमाद टाळण्यात आहे, म्हणजे आपलं भान आणि आपला ताबा आपल्या हाती ठेवण्यात. सकाळी उठल्याबरोबर हात उशीखाली व्हेप शोधत असेल, तर ताबा कोणाकडे आहे हे आपणच तपासावं. बाबासाहेबांनी आपल्याला तपासून घ्यायलाच शिकवलं.

आईबापांनी मारझोड करू नये. पोरगं लपवायला शिकतं, दुसरं काही होत नाही. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन १८००-११-२३५६ वर फुकट सल्ला मिळतो. अमरावतीच्या इर्विनमध्ये किंवा अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये डॉक्टरांना विचारा. निकोटिनची गोळी-च्युइंगम त्यांच्या सल्ल्याने घेता येते. पहिले काही दिवस चिडचिड, डोकेदुखी होते, पण ती ओसरते. टाकून द्यायचं व्हेप चुलीत किंवा कचऱ्यात जाळू नका, त्यातला सेल फुटतो. ते ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

त्या मुलाशी आम्ही तासभर बोललो. ओहमचं गणित त्यानेच वहीत मांडून दाखवलं. शेवटी आम्ही एकच विचारलं, "चिप कॉइल मोजते, बाटलीतलं कोण मोजते?" तो काही बोलला नाही. जाताना वस्तू आमच्याजवळ ठेवून गेला. अजून पूर्ण सुटलेलं नाही, पण रविवारी त्याचा फोन येतो.